घोरणे थांबले, पण घसा?

वाईच्या एका भगिनीने आम्हांस पत्र लिहिले आहे. तिचे पती टेम्पो चालवतात. पसरणी घाटातून पाचगणी-महाबळेश्वरच्या रोजच्या खेपा. अनेक वर्षे ते जोरात घोरत, मध्येच श्वास थांबे, मग दचकून उठत. घरात सारे हसायचे. एके दिवशी गाडी चालवतानाच डुलकी लागली, तेव्हा कुठे तपासणी झाली आणि घशाचे ऑपरेशन झाले. आता पाचवा दिवस. पाणीसुद्धा गिळवत नाही, कान ठणकतो, घशात पांढरे दिसते. सासूबाई म्हणतात पू झाला. गाडीमालक विचारतो, सोमवारी येतोस ना?

ताई, घोरण्यावर हसणारे तुमचेच घर नाही. काही माणसांची घशातील वाट झोपेत मिटते, श्वास अडकतो, मेंदू दचकून जागा करतो. हे रात्रभर चालते आणि माणूस दिवसा पेंगतो. याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. संगीतकार बप्पी लाहिरी 15 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितले होते. घाटात गाडी चालवणाऱ्याला तर हा आजार दुहेरी घातक.

या ऑपरेशनमध्ये बहुधा टॉन्सिल, पडजीभ आणि मऊ टाळूचा काही भाग काढतात. तेथे पांढरी-पिवळी खपली धरते. सासूबाईंना सांगा, तो सहसा पू नसतो. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास ती सुटते आणि त्याच दिवसांत दुखणे वाढल्यासारखे वाटते. घशाची नस कानाशी जोडलेली असल्याने कान ठणकतो. पाणी पिताना थोडे नाकातून आले तरी घाबरू नका. बहुतेकांचे ते हळूहळू थांबते. सुजेमुळे काही दिवस घोरणेही चालूच राहील.

घाबरायचे ते पाणी न पिण्याला. कोरडा घसा जास्त दुखतो, रक्त येण्याचा धोकाही वाढतो. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी वेळेवर द्या आणि अर्ध्या तासाने खायला द्या. ॲस्पिरिन मनाने देऊ नका. गार दूध, तांदळाची पेज, मऊ भात, बिनतिखटाचे मुगाचे वरण, पिकलेले केळे चालेल. भाकरी, पापड, चिवडा, लिंबू, ठेचा दोन आठवडे नको. उशाला दोन उशा द्या. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद, कारण त्यांनी घसा आणखी सैल पडतो. दुखण्यावर उतारा म्हणून घोटभर पाजणारे मित्र प्रत्येक वस्तीत असतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. तुमचे पती विहारात वंदना म्हणतात असे लिहिले आहे. तूर्त ती दुसऱ्या उपासकाने म्हणावी.

तोंडातून ताजे लाल रक्त आले, जोराचा ताप भरला, श्वास घेणे जड झाले किंवा दिवसभर लघवी झाली नाही, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

राहिला सोमवार. डॉक्टर सांगेपर्यंत गाडी नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना तयार झाली आणि 1948 साली कायदा झाला. त्या विमा योजनेखाली येणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला, ठरलेली वर्गणी भरलेली असली तर, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते. एका मालकाकडच्या टेम्पोचालकाला मात्र ती सावली बहुधा मिळत नाही, म्हणूनच पाचव्या दिवशी हाक येते. मंडळाच्या दोन वडीलधाऱ्यांनी जाऊन मालकाशी बोलावे. पेंगणारा चालक घाटात पाठवणे त्यालाही परवडणारे नाही.

घसा भरला म्हणजे आजार गेला असे मात्र धरू नका. घोरणे थांबूनही श्वास अडकत राहू शकतो. तीन-चार महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. गरज पडली तर रात्री नाकाला लावायचे हवेचे यंत्र वापरावे लागते. तपासणीला ताई, तुम्ही बरोबर जा आणि रात्री श्वास थांबताना पाहिला असेल तर डॉक्टरांना स्वतः सांगा.