पेटी चालू होते, पण उठत नाही

मैत्रिणींनो, तुमच्या घरातले फोटो सध्या कुठे कुठे आहेत, ते एकदा मोजून पाहा बरं! आम्ही मोजले तेव्हा चार फोन, तीन पेनड्राइव्ह आणि जुन्या कॉम्प्युटरची एक हार्डडिस्क, असे आठ ठिकाणी पांगलेले निघाले. त्या हार्डडिस्कवर आमच्या सासूबाईंचा आवाज आहे, जात्यावरच्या ओव्या म्हणतानाचा. सासूबाई गेल्या, जातं परसात पालथं पडलं आहे, आणि ओव्या उरल्या त्या तेवढ्या एका डिस्कवर. दुसरी प्रत नाही.

म्हणून गणपतीत पुण्याहून मुलगा आला तो गाडीच्या डिकीत एक भलीमोठी काळी पेटी घालूनच. ऑफिसात नवी यंत्रं आली, तेव्हा मोडीत निघालेला जुना सर्व्हर यानं उचलून आणला होता. शेजारच्या काकू बघायला आल्या. "ह्या काय गो? कपडे धुवची मशीन काय?" काकूंचं काही चुकलं नाही, आवाज तसाच होता.

सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालण्यासाठी बांधलेला दणकट कॉम्प्युटर. त्यात डिस्का बसवून ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनास असं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घातलं, की घरातल्या सगळ्या फोनांमधले फोटो वायफायवरून एका जागी ठेवता येतात. मुलानं ते घातलं, सासूबाईंची डिस्कही आत बसवली, आणि विसर्जन झाल्यावर तो पुण्याला गेला.

पुढे परतीच्या पावसात एका रात्री वीज गेली ती सकाळी आली. पेटीचे पंखे घरघरले, दिवे लागले, पण पडद्यावर एक ओळ येऊन सगळं थांबलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बूट होत नाहीये." मला मेलीला आधी पायातले बूटच आठवले!

आता त्या दोन दिवसांत मी जे शिकले, ते तुम्हाला क्रमानं सांगते. अशी पेटी तीन पायऱ्यांनी उठते. पहिली, वीज मिळून पंखे फिरतात. दुसरी, बायोस नावाचा आतला छोटा कार्यक्रम हजेरी घेतो: रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्का आहेत का. तिसरी, ठरलेल्या क्रमानं तो एकेक डिस्क पाहतो आणि जिच्यावर सॉफ्टवेअर असेल तिथून पेटी चालू करतो. तेव्हा घाईनं उघडाउघडी करू नका. कुठल्या पायरीवर अडलं ते आधी बघा, आणि पडद्यावरच्या ओळीचा फोनवर फोटो काढून ठेवा. निम्मं निदान त्या ओळीतच असतं.

पहिल्या पायरीवर अडली तर: दिवाच लागत नसेल, तर प्लग, वायर आणि बोर्डाचं बटण पाहा. त्याच प्लगला इस्त्री लावून बघा. हसू नका, आमच्याकडे एकदा दोष बोर्डातच होता.

दुसऱ्या पायरीवर अडली तर: पंखे फिरतात, पण पडदा काळा. अशा वेळी आधी पाच मिनिटं थांबा. सर्व्हर आपली सगळी रॅम तपासतो, त्याला घरच्या कॉम्प्युटरपेक्षा वेळ लागतो. मेला समजून मध्येच बंद करू नका. पडद्याची वायरही पाहा. बऱ्याच जुन्या सर्व्हरांना फक्त जुनी व्हीजीएची निळी वायर लागते, टीव्हीची नाही.

तरीही पडदा काळाच, किंवा पेटी सारखी पींपीं करते, तर रॅमच्या पट्ट्या पाहा. आपल्या शिरोड्याच्या हवेत हे फार होतं. ज्या मिठागरांसाठी १९३० साली इथे सत्याग्रह झाला, त्या गावची ही हवा! काकू म्हणतात तेच खरं, "खारो वारो लोखांडाक खाता." पट्टीची सोनेरी कडा काळवंडली, की स्पर्श नीट होत नाही. प्लग काढा, पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा (नायलॉनची साडी त्या दिवशी नकोच), पट्टी काढा, कडेवरून पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका आणि पट्टी खट्ट आवाज होईपर्यंत बसवा. एका वेळी एकच पट्टी लावून बघितलं, की बिघडलेली कुठली तेही कळतं. सर्व्हरच्या पट्ट्या बहुधा वेगळ्या जातीच्या असतात. घरच्या कॉम्प्युटरची पट्टी त्यांच्यात मिसळू नका.

कीबोर्ड नाही म्हणून अडून बसणाऱ्या पेट्याही असतात. तेवढ्यापुरता कीबोर्ड जोडा आणि बायोसमध्ये ती अट काढून टाका.

तिसऱ्या पायरीवर अडली तर: आमचं दुखणं हेच होतं. पडद्यावरची ओळ सांगत होती, चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. मुलगा म्हणाला, "पेनड्राइव्ह लाव आणि सॉफ्टवेअर पुन्हा घाल." मी लावला. त्यानं विचारलं, कुठल्या डिस्कवर घालू? दोन डिस्का दिसत होत्या, नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. निवडलेली होती ती वरची. माझं बोट बटणावर होतं, तेवढ्यात तिचा आकार वाचला. ती सासूबाईंची डिस्क होती.

मी पेटी बंद केली आणि ओटीवर जाऊन बसले. हात कापत होते.

बायांनो, हा नियम मनात कोरून ठेवा. पुन्हा सॉफ्टवेअर घालण्याआधी ज्या डिस्कवर तुमचं काही आहे, तिची वायर काढून ती बाजूला ठेवा. जी पेटीतच नाही, ती पुसली जात नाही. जुन्या सर्व्हरात डिस्का एकत्र बांधणारं 'रेड' नावाचं कार्डही असतं. ते नवी डिस्क दिसली की ती 'तयार' करायची का असं विचारतं. 'हो' म्हटलं तर आतलं गेलंच समजा.

त्या डिस्कची प्रत लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि मगच पुढे गेले. बायोस उघडला तर घड्याळ कित्येक वर्षं मागचं! तिथे कळलं. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ आणि ठरवलेल्या गोष्टी तोच सांभाळतो. तो संपला, रात्रभर वीज नव्हती, आणि डिस्कांचा क्रम पेटी विसरली. सॉफ्टवेअर जागच्या जागी होतं. पेटी मात्र ते फोटोंच्या डिस्कवर शोधत बसली होती! गावातल्या घड्याळवाल्याकडे सेल मिळाला. प्लग काढून, अधिक चिन्ह वर ठेवून बसवला, वेळ लावली, सॉफ्टवेअरची लहान डिस्क पहिल्या क्रमांकावर आणली. चार मिनिटांत पेटी उठली.

याच पायरीवरच्या आणखी तीन गोष्टी. सॉफ्टवेअर घातल्यावर पेनड्राइव्ह काढायला विसरू नका, नाहीतर पेटी पुन्हा पुन्हा तिथूनच सुरू होते. पेटी चालू करण्याच्या दोन तऱ्हा असतात, जुनी 'लेगसी' आणि नवी 'यूईएफआय'. सॉफ्टवेअर ज्या तऱ्हेनं घातलं, तीच बायोसमध्ये ठेवा. आणि जुन्या तऱ्हेला दोन टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कवरून सहसा उठता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअरला लहान डिस्क आणि फोटोंना मोठी.

आता खर्चाचं. पेटीनं सतत १०० वॅट खाल्ले, तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिटं होतात. आपल्या बिलातल्या दरानं गुणून बघा. आम्ही ती फक्त रविवारी, बाजार आटोपला की चालू करतो. फोटो आठवड्यातून एकदा उतरले तरी पुष्कळ. यूपीएस मात्र हवाच. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्या किनाऱ्यानं काय सोसलं ते आठवा. यूपीएसमुळे वीज गेल्यावर पेटी नीट बंद करायला वेळ मिळतो.

आणि शेवटचं. पेटीत दोन डिस्का जोडीनं ठेवल्या म्हणजे निर्धास्त झालो, असं समजू नका. चुकून एकीवरचं पुसलं तर दुसरीवरचंही त्याच क्षणी पुसलं जातं. प्रत वेगळी हवी, आणि एक तरी घराबाहेर. सासूबाईंच्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत: पेटीत, कपाटातल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुडीसोबत ठेवलेल्या डिस्कवर, आणि पुण्याला मुलाकडे.

परवा रात्री त्या लावल्या. हे एरवी फारसं बोलत नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव."

तुमच्याही घरी असा एखादा आवाज एकाच डिस्कवर पडून असेल, तर पेटी मिळेपर्यंत थांबू नका. एक प्रत आजच करून ठेवा.