अक्षर उरले, वाचणारा गेला

नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगर उभा आहे. त्यातील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. शाळांच्या सहली दोन्ही ठिकाणी जातात. मात्र या दोन स्थळांतून मिळणारा धडा आपण अद्याप घेतलेला नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

शिलालेखाची अक्षरे कधीच पुसली गेली नव्हती, नाहीशी झाली होती ती ब्राह्मी लिपी जाणणारी माणसे. राजमातेने आपल्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम दगडावर कोरून ठेवला आणि तो दगड शतकानुशतके मुका राहिला. लोकांनी त्या लेण्यांस पांडवांचे नाव देऊन टाकले. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची उकल केली, तेव्हा कोठे अशा लेखांना वाचा फुटली.

फाळक्यांच्या बाबतीत याच्या उलट घडले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. पुढे दादासाहेबांनी नाशिकलाच चित्रनिर्मितीचे ठाणे केले आणि १९४४ मध्ये येथेच देह ठेवला. चित्रपट दाखविणारी यंत्रे टिकली, पण नायट्रेटची फिल्म सडली, जळाली, तिच्यातील चांदीसाठी विकली गेली. १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य वेचले, म्हणून त्या चित्रपटाचे काही तुकडे तरी आज पाहावयास मिळतात.

आज ही दोन्ही संकटे एकाच वेळी आपल्या घराघरांत शिरली आहेत. १९८० नंतरच्या दोन-अडीच दशकांतील मराठी लेखन, संगीत आणि व्याख्याने फ्लॉपींवर व कॅसेटींवर साठविली गेली. वसंत व्याख्यानमालेतील एखादे भाषण कोणी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेही असेल. ती फीत दर पावसाळ्यात बुरशीने खराब होत आहे आणि ती चालविणारी यंत्रेही संपत चालली आहेत. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनविणे थांबविले. जगातील अखेरचा व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर २०१६ मध्ये तयार झाला. त्यात मराठीचे दुखणे आणखी निराळे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची अक्षरयोजना वेगळी होती. त्या काळची फाइल मूळ फॉन्टवाचून उघडली, तर मराठी मजकुराऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो. आमच्या कार्यालयातच जुन्या अंकांच्या बांधीव फायली कोणीही सहज चाळू शकतो. त्याच काळातील फ्लॉपी मात्र कपाटात पडून आहेत आणि त्या वाचण्याचे साधन आमच्याजवळ नाही. हा दोष आम्ही प्रथम स्वतःच्या पदरात घेतो.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाने २००९ पासून यासाठी एक प्रयोगशाळा चालविली आहे. तेथे जुने संगणक काचेच्या पेटीत ठेवलेले नसून चालू स्थितीत ठेवलेले आहेत आणि विद्यार्थी त्यांवर प्रत्यक्ष काम करतात. यावर कोणी म्हणेल की, हे भंगाराचे कौतुक कशासाठी? सारे नव्या डिस्कवर उतरवून घ्या, म्हणजे झाले! पण उतरवून घ्यावयाचे तर जुने यंत्र आधी चालावयास नको काय? त्याचा फॉन्ट, त्याची केबल, त्याचा बिघाड ओळखणारा कारागीर हवा. कारागीर निवृत्त होत आहेत आणि यंत्रे किलोच्या भावाने विकली जात आहेत. शाळांना साधे संगणक मिळत नसताना जुन्यांवर पैसा का घालवावा, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्यास उत्तर एवढेच की, येथे खर्च दोन-तीन खोल्यांचा आणि मूठभर जाणत्या माणसांचा आहे; त्यावाचून होणारी हानी कोणत्याही अंदाजपत्रकातून भरून निघणारी नाही.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच शहरात आहे. माध्यमांच्या द्वारे शिक्षण घरोघरी नेणे हे ज्याचे ब्रीद, त्या विद्यापीठाने माध्यमांच्या जपणुकीचे काम अंगावर घ्यावे, यात अवाजवी असे काहीच नाही. १८४० पासून ग्रंथ सांभाळणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाने त्यास हात द्यावा. नागरिकांच्या कॅसेटी व फ्लॉपी मागवाव्यात, उतरवून घेऊन मूळ वस्तू परत कराव्यात. जुन्या फॉन्टांचा संग्रह करावा. अनुभवी कारागिरांकडून तरुणांना शिकवावे. नागरिकांनीही जुना संगणक रद्दीवाल्यास देण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

बलश्रीच्या लेखाने शतकानुशतके प्रिन्सेपची वाट पाहिली, कारण तो दगडावर कोरलेला होता. चुंबकीय फीत तितकी वाट पाहणार नाही.