बापाचा अंगठा पुसू नका

पुणेकराला शिवाजीनगर म्हटलं की एसटी आठवते. बेंगळुरूचं शिवाजीनगर वेगळं. इथे रसेल मार्केट आहे, सेंट मेरी बॅसिलिका आहे आणि गुजरीत जुन्या गाड्यांचा नटबोल्टही मिळतो. 1809 मध्ये इंग्रजांनी वसवलेल्या छावणीचा हा जुना भाग. इथला माणूस झिजलेली वस्तू सहसा फेकत नाही. म्हणूनच गेल्या महिन्यात जे पाहिलं, ते जास्त झोंबलं.

खडकवासल्याचा माझा एक कोर्समेट फौज सोडून इथेच राहतो. त्याने चहाला बोलावलं आणि कपाटातून वडिलांचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं. वडील सुभेदार होते. परवाना वारसाहक्काने त्याच्या नावावर झालेला. रिकामं असल्याची खात्री करून त्याने ते पुढे केलं आणि विचारलं, "कसं दिसतंय? मूठ नवीकोरी करून आणली."

मूठ मिठाईच्या दुकानातल्या शोकेससारखी चमकत होती. पॉलिशवाल्याने आधी काचपेपर मारला होता, मग मेलामाइनचे हात. डाव्या बाजूला अंगठा टेकून टेकून पडलेला खळगा मी पंधरा वर्षांपूर्वी पाहिला होता. तो आता सपाट होता. मी म्हणालो, "अरे, तू वडिलांना पुसून टाकलंस." तो चिडला. चहा गार झाला. तरीही आज तेच लिहितोय, कारण अशी माणसं मला दर पोस्टिंगला भेटतात.

मंडळी, आपल्याला "नव्यासारखं" या शब्दाचं वेड लागलंय. वाडा पाडून टॉवर, पितळी समईवर सोनेरी रंग, आणि बापाच्या शस्त्रावर काचेसारखं पॉलिश. मुठीवरची झीज हा दोष नाही. एका माणसाचा हात तिथे चाळीस वर्षं होता, याची ती नोंद आहे. पेन्शनच्या कागदावर जे लिहिलेलं नसतं, ते तिथे असतं.

कोणी म्हणेल, "साहेब, फौजेत तर आपण ब्रासो मारून मारून बकलावरचा बिल्लासुद्धा घासून टाकतो!" खरं आहे. पण बकल स्टोअरमधून दुसरं मिळतं. वारसा इंडेंटवर मिळत नाही.

आणि हा फक्त भावनेचा मामला नाही. मुठीच्या दोन पट्ट्या धातूच्या चौकटीला तंतोतंत भिडवलेल्या असतात. काचपेपर मारला की लाकूड खाली बसतं, धातूची कड वर येते आणि तळहाताला टोचते. आतली बाजू घासली तर पट्टी डुगडुगते आणि स्क्रूवर ताण येतो. मुठीवरची चौकटीदार नक्षी शोभेसाठी नसते, घामट हात सरकू नये म्हणून असते. ती भरली किंवा घासली की पकड गेली. काही जुन्या रिव्हॉल्व्हरच्या पट्टीच्या आत शस्त्राचा नंबर असतो. तोही जातो.

कायद्याचंही ऐका. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात आणि दुरुस्तीला परवाना लागतो. वडिलांची पट्टी गल्लीतल्या सुताराच्या हातात ठेवताना याचा विचार करा. यंत्रात काही बिघाड असेल तर परवानाधारक गनस्मिथकडेच जा. पण मूठ पुसणं, तिला तेल देणं हे घरचं काम आहे आणि ते मालकानेच करावं.

कसं? शस्त्र रिकामं करा, दोनदा बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. पट्ट्या काढून शस्त्र कुलपात ठेवा. जुना मळ टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या चिंदीने पुसा आणि नक्षीत मऊ टूथब्रश फिरवा. गन ऑइल पिऊन लाकूड काळं पडलं असेल तर खडूची पूड लावून ठेवा, ती तेल ओढून घेते. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. वाफेने लाकडाचे तंतू फुगतात आणि पोचा बराचसा वर येतो. मात्र हे अंगठ्याच्या खळग्यावर करू नका.

मग जवसाचं तेल. आपल्या रायफलींचे लाकडी बट पिढ्यान्पिढ्या यावरच जगले. दोन थेंब, बोटाने चोळायचं, थोड्या वेळाने जादाचं पुसायचं. कच्चं तेल सुकायला दिवस लागतात, उकळलेलं लवकर सुकतं. पुन्हा दुसरा हात. घाई नको. आणि तेलाची चिंदी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना जवसाचं तेल गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

लाकूड तडकलं असेल, कुजलं असेल, तर नवीन पट्ट्या जरूर लावा. शस्त्र सुरक्षित असणं आधी. पण जुन्या पट्ट्या कागदात गुंडाळून, वर वडिलांचं नाव लिहून जपून ठेवा.

माजी सैनिकांना एक विनंती. 2016 च्या नियमांनुसार वयाची 70 वर्षं पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगल्यावर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो करा. त्याच दिवशी मुलाला किंवा मुलीला समोर बसवून मूठ दाखवा. कुठला ओरखडा कुठल्या पोस्टिंगचा, ते सांगा. आपण हे सांगत नाही, म्हणून मुलं काचपेपर घेतात. कोर्समेटच्या चुकीत थोडा वाटा सुभेदार साहेबांच्या अबोलपणाचाही आहे.

परवा त्याचा फोन आला. रागावलेला नव्हता. विचारत होता, "ते मेलामाइन काढता येईल का रे?"

म्हणालो, "मेलामाइन निघेल. अंगठा परत येणार नाही. आता तू तुझा टेकव."