उशाशी बसणाऱ्यांचा रमजान

रमजान सुरू झाला की मोहल्ल्याचे घड्याळ बदलते. पहाटे सहरीसाठी घराघरांत दिवे लागतात, संध्याकाळी खजूर, फळे आणि भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी होते, रात्री तरावीहची नमाज सुटली की बाजार पुन्हा जागा होतो. शेजारच्या हिंदू घरांनाही हे वेळापत्रक पाठ असते. पण प्रत्येक गल्लीत एखादे घर असे असते, जिथले घड्याळ रमजान येण्याच्या कितीतरी आधी बदललेले असते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले सासरे, स्वतःच्या मुलांना न ओळखणारी आई, किमोथेरपी घेणारा नवरा. त्या घरात दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यायचे, लघवीची पिशवी रिकामी करायची, गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या, चादर खराब झाली की बदलायची, आणि ती नेमकी बदलून होते न होते तोच पुन्हा खराब होते. रात्री एकदाच उठण्याचे सुख त्या घराला माहीत नसते. त्यात रमजान येतो.

आजारी माणसाला रोजाची सक्ती नाही, हे सर्वांना माहीत आहे. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह बकरामध्ये, रोजाचा आदेश आहे आणि तिथेच आजारी व प्रवासी यांना सवलतही आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करावेत. बरे होण्याची आशाच नसेल, तर प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालावे, त्याला फिद्या म्हणतात. म्हणजे खाटेवरच्या माणसाची सोय धर्माने लावून दिली आहे. त्याचा फिद्या कोण भरणार, याचीही घरात चर्चा होते. खाटेजवळ उभ्या असलेल्या बाईची चर्चा मात्र होत नाही. ती रोजा ठेवते, सहरी रांधते, दिवसभर रुग्णाचे करते, इफ्तारचे ताट मांडते, आणि अजान झाली की एक खजूर तोंडात टाकून पुन्हा आतल्या खोलीत जाते, कारण साडेसहाची गोळी राहिलेली असते.

बाई असे म्हणण्याला कारण आहे. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या माणसांची देखभाल करण्यात २७.६ टक्के स्त्रिया आणि १४ टक्के पुरुष गुंतलेले आढळले. या कामात त्या स्त्रियांची दिवसाला सरासरी १३४ मिनिटे जात होती, पुरुषांची ७६. यात लहान मुलांचे करणेही धरले आहे. स्वयंपाक, धुणी-भांडी वेगळी. ही आकडेवारी सगळ्या देशाची आहे, एका धर्माची नाही. एकादशी असो, नवरात्र असो की रमजान, घरातल्या उपवासाची तयारी आणि घरातल्या आजाऱ्याची उस्तवार बहुधा एकाच हातांनी होते.

या बाईला काय होते? आधी पाठ जाते, मग झोप जाते. स्वतःची रक्तदाबाची गोळी दोन-दोन दिवस राहते. मग चिडचिड सुरू होते, रुग्णावर आवाज चढतो, आणि लगेच जीव खाणारी अपराधी भावना. काही जणी न्हाणीघरात नळ सोडून रडतात. आणि एखाद्या रात्री, तिसऱ्यांदा चादर बदलताना, मनात येऊन जाते की आता सुटका व्हावी, यांचीही आणि आपलीही. रमजानच्या पाक महिन्यात असा विचार आला म्हणून ती तौबा करते, नमाजात रडते, स्वतःला नरकाच्या लायकीची समजते. हा विचार कोणाजवळ बोलायची सोय नसते. नणंदेला सांगितले तर तो सगळ्या खानदानात पोहोचेल.

तो विचार पाप नाही, थकव्याची खूण आहे. दिवसरात्र एकटीने आजारपण काढणाऱ्या माणसाच्या मनात तो येतोच. जी कधी थकलीच नाही, तिने बहुधा केले काहीच नाही.

सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आईवडिलांपुढे ‘उफ्’सुद्धा म्हणू नये, असा आदेश आहे. हा आदेश घराघरांत सुनेला ऐकवला जातो. त्यातल्या दोन गोष्टी ऐकवणारे विसरतात. एक म्हणजे तो आदेश मुलांना आहे, त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांबाबत. सासू-सासऱ्यांची सेवा हे सुनेचे कायदेशीर कर्तव्य नाही, तो तिचा चांगुलपणा आहे, हे अनेक आलिमांनी स्पष्ट केले आहे. तेव्हा मुलगा ओसरीवर मोबाइल बघत बसणार आणि ‘उफ्’ची आयत आत सुनेला लागू होणार, हा हिशेब कुरआनातला नाही, आपला आहे. आणि दुसरे असे की, ‘उफ्’ म्हणू नका असे सांगावे लागले, यातच ‘उफ्’ म्हणावेसे वाटण्याची वेळ माणसावर येते हे मान्य केलेले आहे. मनाई तोंडावाटे बाहेर पडणाऱ्या शब्दाची आहे. दमण्याची नाही.

रमजानचाच एक जुना प्रसंग या महिन्यात पुष्कळदा सांगितला जातो, पण अर्धाच. हिजरी सन २, म्हणजे इसवी सन ६२४. रोजे त्याच वर्षी फर्ज झाले होते. १७ रमजानला बदरची लढाई झाली आणि त्या लढाईत सामील झालेल्यांना पुढे इस्लामी इतिहासात फार मोठा मान मिळाला. तो मान मिळालेल्यांत हजरत उस्मान यांचेही नाव आहे. पण ते रणांगणावर नव्हतेच. त्यांच्या पत्नी रुकय्या, पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या कन्या, आजारी होत्या. पैगंबरांनी जावयाला सांगितले की तू घरी थांब, तिच्याजवळ. लढाईत हजर राहिलेल्याचे पुण्य आणि वाटाही त्यांना मिळेल, असे त्यांनी सांगितले. रुकय्या वाचल्या नाहीत. विजयाची खबर मदिनेत पोहोचली तेव्हा त्यांच्या कबरीवरची माती सारखी केली जात होती, असे इतिहासकार नोंदवतात.

हा प्रसंग उस्मान यांच्या थोरवीसाठी सांगितला जातो. त्यातली साधी गोष्ट मागे राहते, ती अशी की उशाशी बसलेला माणूस पुरुष होता, आणि आजारी त्याची बायको होती. आज बायको अंथरुणाला खिळली तर आधी तिच्या आईला किंवा बहिणीला फोन जातो.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. पंढरपूरचा विठ्ठल विटेवर का उभा आहे, हे इथे लहान पोरही सांगेल. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता आणि दारात आलेल्या देवाला त्याने थांबायला लावले. देव थांबला. घरातल्या इफ्तारच्या पाहुण्यांना मात्र दहा मिनिटे थांबवत नाही.

मग आता तरावीह आणि एतकाफकडे वळू. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत काही जण मशिदीतच मुक्काम करून इबादत करतात, त्याला एतकाफ म्हणतात. मोठी इबादत आहे, वादच नाही. पण ज्याच्या घरी आई अंथरुणावर आहे आणि तिला उचलून बसवायला दोन माणसे लागतात, त्याने दहा दिवस मशिदीत बसावे काय? हनफी परंपरेत मोहल्ल्यातून एकाने जरी एतकाफ केला तरी सगळ्यांच्या डोक्यावरची जबाबदारी उतरते. आईला उचलण्याची जबाबदारी अशी दुसऱ्या कोणाच्या बसण्याने उतरत नाही. तिथे बायकोची कंबर उतरते. अशा घरातल्या पुरुषाने या वर्षी एतकाफ दुसऱ्याला करू द्यावा. तरावीहलाही भावांनी पाळी लावावी. एक मशिदीत जाईल, एक घरी रुग्णाजवळ बसेल, आणि तेवढे दोन तास घरातली बाई दार लावून झोपेल. हे वाचून कोणाला धर्म पातळ केल्यासारखे वाटेल. त्यांनी हदीसमधला प्रवासाचा प्रसंग पाहावा. कडक उन्हात काहींनी रोजा ठेवला होता, काहींनी नव्हता. मुक्कामावर पोहोचताच रोजेदार गळून पडले. ज्यांना रोजा नव्हता त्यांनी तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजले. त्या दिवशी पुण्य रोजा नसलेल्यांनी नेले, असे पैगंबर (स.) म्हणाल्याचे हजरत अनस यांनी सांगितले आहे.

खुद्द रोजाबद्दल बोलायचे, तर अंगावर पाजणाऱ्या आईला सवलत आहे, ती तिच्या एकटीच्या जिवासाठी नाही, तिच्यावर अवलंबून असलेल्या बाळासाठीही आहे. रोजामुळे हात थरथरत असतील, इन्सुलिनचे माप चुकण्याची भीती असेल, तर त्या बाईने डॉक्टरांना आणि आपल्या आलिमांना स्पष्ट विचारावे. लाजून गप्प बसू नये. सतत घाण काढावी लागते म्हणून कपडे पाक राहत नाहीत आणि नमाज राहून जाते, अशीही कितीक जणींची खंत असते. कपड्याचा जेवढा भाग खराब झाला तेवढा नीट धुतला की पुरते. दर वेळी डोक्यावरून अंघोळ करायची गरज नाही.

राहता राहिले भेटायला येणारे. आजाऱ्याची विचारपूस करणे ही सुन्नत आहे, आणि रमजानमध्ये तर ती जोरात चालते. इफ्तारनंतर लोक येतात, रुग्णाच्या खाटेभोवती खुर्च्या टाकतात, कुठल्या गावच्या कुठल्या वैद्याकडे गुण येतो ते सांगतात आणि सरबत पिऊन जातात. ते सरबत कोण करते ते वेगळे सांगायला नको. यापेक्षा जाताना घरून इफ्तारचे भरलेले ताट न्यावे. दुपारी दोन तास जाऊन बसावे आणि घरच्या बाईला म्हणावे, तू जा, पड जरा. नळी कशी धरायची ते एकदा तिच्याकडून शिकून घ्यावे. मगरिबच्या अजानच्या वेळी तर शेजारच्या हिंदू काकू किंवा ताई सहज पंधरा मिनिटे खाटेजवळ बसू शकतील. त्यांना रोजा सोडायचा नसतो. त्या बसायला तयारही असतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. आणि दिवाळीत, गौरी-गणपतीत त्यांच्या घरी कोणी अंथरुणावर असेल, तेव्हा हीच पाळी उलट फिरवता येईल.

सरकारकडून फारशी आशा नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा मुलांकडून पोटगी मिळवून देतो, पण रात्री जागणारीला कोण सोडवणार, याची तजवीज त्यात नाही. एक उपयोगी गोष्ट मात्र आहे. झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही, जगणे नकोसे वाटते असे दोन आठवडे चालले, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर कुठल्याही वेळी मोफत बोलता येते, आणि मराठीतही. सहरीनंतर सगळे झोपलेले असताना तो फोन करता येईल. खानदानात कोणाला कळणार नाही.

ईद आता फार लांब नाही. सकाळी पुरुष ईदगाहवर जातील, गळाभेटी होतील, घरोघरी शीरखुर्मा फिरेल. ज्या घरात आजारी माणूस आहे, तिथल्या मुलांनी ईदगाहवरून थेट घरी यावे, नवा कुर्ता बदलून ठेवावा, खाटेजवळच्या खुर्चीवर बसावे आणि दुपारभर तिथून उठू नये. घरातल्या बाईला तिच्या माहेरी ईद मिळायला जायचे असते. गेल्या वर्षीही तिला जायचे होते.