डोक्यावरचं छप्पर

हिंदी-मराठी सिनेमातला नायक शहरात उतरला की त्याला आधी खोली लागते. नायिका, गाणी, खलनायक हे सगळं नंतरचं. रात्री पाठ टेकायला जागा मिळाली, तरच गोष्ट पुढे सरकणार. ही जागा देणारं माणूस बहुतेक वेळा एखादी बाई असते. वयाने उताराला लागलेली, तोंडाने फटकळ, आणि श्रेयनामावलीत नाव बरंच खाली असलेली. सांबा आणि कालिया यांच्यासारख्या छोट्या पात्रांवर आजवर पुष्कळ लिहून झालंय, आज त्यांना सुट्टी. आजचं सदर घरमालकिणींचं.

सुरुवात अर्थातच ललिता पवारांपासून. बाई मूळच्या येवल्याकडच्या. मूकपटांच्या काळात त्या नायिका होत्या, हे आता सांगावं लागतं. चाळीसच्या दशकात एका चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड वर्मी लागली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि पुढे डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं संपली. त्या डोळ्याच्या जोरावर पुढे सिनेमाने खाष्ट सासवांची फौज उभी केली. पण राज कपूरच्या दोन चित्रपटांत त्याच चेहऱ्याचा निराळाच उपयोग झाला. ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणाऱ्या गंगामाई आहेत. राज त्यांच्याशी उलटा भाव करतो, म्हणजे पैसे जास्त आणि केळी कमी. बाई चक्रावतात, वैतागतात आणि मग हसतात. शहरात आल्यावर त्याला पहिला आसरा मिळतो तो गंगामाईंच्या फुटपाथावरच्या गोतावळ्यात.

हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’त (१९५९) त्याच बाई मिसेस डिसा झाल्या. भाडं थकवणारा बेकार चित्रकार त्यांच्याकडे राहतो. त्या त्याला फाडफाड बोलतात आणि जेवायलाही घालतात. पुढे भेसळीचं औषध पोटात जाऊन त्या मरतात आणि आळ येतो या भाडेकरूवर. म्हणजे चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध या बाईच्या मरणावर उभा आहे. या कामासाठी ललिताबाईंना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. दिग्दर्शकाचंही या नावावरून मन उठलं नसावं, कारण ‘आनंद’मधली मेट्रनसुद्धा डिसाच आहे आणि ते कामही ललिताबाईंचंच.

आता प्रश्न असा की सिनेमात आया एवढ्या रडल्या, त्यातल्या किती लक्षात राहिल्या? फार थोड्या. मला याचं कारण साधं वाटतं. आईला पर्याय नसतो. पोटचा गोळा दारात उभा राहिला की तिने त्याला पोटाशी धरायचं, हे पटकथा लिहिण्याआधीच ठरलेलं असतं. घरमालकिणीचं तसं नाही. दारात आलेला भाडेकरू तिचा कुणी लागत नाही. ती दार लावून घेऊ शकते, आणि लावलं तर तिला कुणी नावं ठेवणार नाही. ‘नाही’ म्हणायचा हक्क हातात असताना ती ‘राहा’ म्हणते. प्रेक्षकाला या निर्णयाची किंमत कळते, कारण खोली शोधत वणवण त्यानेही केलेली असते.

पुण्यात भाड्याने राहत होतो तेव्हा आमच्या मालकीणबाई दिवा जास्त वेळ जळतो म्हणून रोज बोलायच्या. मला ताप आला तेव्हा मात्र त्या पेजेचं पातेलं दारात ठेवून गेल्या. आठवडाभराने पातेलं घासून परत न दिल्याबद्दलही बोलल्या.

‘नाही’ म्हणण्याचा हक्क बजावणारा घरमालक बघायचा तर ‘अशी ही बनवाबनवी’तला (१९८८) विश्वासराव सरपोतदार. लेखन वसंत सबनिसांचं, काम सुधीर जोशींचं. या सिनेमाचे संवाद लोकांना तोंडपाठ असतात, म्हणून ते इथे देत नाही. फक्त त्या सत्तर रुपयांकडे जरा नीट बघा. सरपोतदारांना मधुमेह आहे. इस्राईलहून औषध येणार या आशेवर त्यांनी भाडेकरूकडे सत्तर रुपये दिलेत. ते औषधही बुडालं आणि पैसेही. सबनिसांना नुसता भांडखोर घरमालक लिहून भागलं असतं, पण त्यांनी माणसाला एक आजार दिला, औषधाची आस दिली आणि हिशेबात राहिलेली एक रक्कम दिली. सुधीर जोशींचा तो पडलेला चेहरा आपल्याला हसवतो, पण माणसाचे पैसे खरोखर गेलेले असतात. शेवटी ते या भाडेकरूला आणि त्याच्याकडे आलेल्या तिघांना बाहेर काढतात तेव्हा माझी सहानुभूती, खरं सांगायचं तर, सरपोतदारांकडेच असते. पुढे ही चौकडी लीलाबाई काळभोरांच्या वाड्यात शिरते, त्यातले दोघे बायका बनून. लीलाबाईंच्या कामात नयनताराबाईंनी केवढी बहार आणली आहे! पण भोळं असणं सोपं. सरपोतदारांसारखं चिडून बरोबर असणं अवघड.

नायक यायच्या आधीपासून या माणसांचा संसार चालू असतो. ‘सैराट’मधली (२०१६) सुमनअक्का घ्या. आर्ची-परशा पळून हैदराबादेत पोचतात. रात्री गुंड गाठतात, आर्चीवर हात टाकतात, तेव्हा ही मराठी बाई मध्ये पडते. दोघांना झोपडपट्टीतल्या आपल्या वस्तीत नेते आणि एक खोली देते. खोलीही कसली, पत्र्याची खोपटीच. पाटलाच्या पोरीला ती बघून घशाशी येतं. सुमनअक्का त्यावर प्रवचन देत नाही. तिची डोशाची गाडी आहे, तिथे परशाला तव्यापुढे उभं करते. आर्चीला बाटल्यांच्या कारखान्यात चिकटवून देते. प्रेमकथेचा पुढचा सगळा भाग या बाईच्या व्यवहारीपणावर चालतो. छाया कदमांनी कुठे ममता पाझरू दिलेली नाही.

याच छाया कदम ‘लापता लेडीज’मध्ये (२०२४) मंजूमाई आहेत. रेल्वे फलाटावर चहा-नाश्त्याची टपरी चालवतात. नवऱ्यापासून चुकलेली फूल त्यांच्या आसऱ्याला येते. नवरा आणि मुलगा यांना मंजूमाईंनी कधीच घराबाहेर काढलंय. दोघंही तिच्या कमाईवर जगत आणि तिलाच मारत. फूलने केलेला कलाकंद टपरीवर विकला जातो आणि पोरीच्या हातात आयुष्यातली पहिली कमाई पडते. मंजूमाई ते पैसे देताना डोळ्यांत पाणी आणत नाहीत, मजुरी दिल्यासारखे देतात. यासाठी २०२५ मध्ये त्यांनाही सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. या विभागाचा पहिला पुरस्कारही १९५५ मध्ये एका मराठी बाईलाच मिळाला होता. ‘बादबान’साठी, उषा किरण यांना. त्याच वर्षी सहायक अभिनेत्याचा पहिला पुरस्कार ‘बूट पॉलिश’मधल्या जॉनचाचासाठी डेव्हिड यांनी घेतला. ते बेने इस्रायली ज्यू, आडनाव चेऊलकर, म्हणजे तेही आपलेच. मराठी माणूस हिंदीत नायक फारसा झाला नाही याचं रडगाणं आपण गातो. पण नायकाला राहायला जागा आपणच दिली, हे कुणी मोजत नाही.

आता ही माणसं सिनेमातून कमी होत चालली आहेत. मधे दलाल आला, अकरा महिन्यांचा करार आला, मालक अमेरिकेत आणि भाडं मोबाइलवरून. नायकाचा फ्लॅट पहिल्याच दृश्यात सजवून तयार असतो, तो कुणाचा हे विचारायचं नाही. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये (२०२४) छाया कदम पुन्हा आहेत, पण आता पारडं फिरलंय. त्यांची पार्वती मुंबईतल्या एका रुग्णालयात स्वयंपाकाचं काम करते. विधवा आहे. वर्षानुवर्षं राहिली त्या खोलीचे कागद नवऱ्याने ठेवलेले नाहीत, त्यामुळे बिल्डरपुढे तिचा हक्क सिद्ध होत नाही. शेवटी ती सामान बांधून रत्नागिरीकडच्या गावी जाते. त्याआधी मैत्रिणीबरोबर बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मात्र मारून घेते. आजवर दुसऱ्याला छप्पर देणाऱ्या बाईवर इथे स्वतःचंच छप्पर सोडायची पाळी येते. कान महोत्सवात या चित्रपटाला ग्रां प्री मिळालं, त्याचं आपल्याकडे कौतुक झालं. पार्वतीच्या खोलीबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

मराठीत कुणीतरी आता घरमालकिणीला मधोमध ठेवून एक सिनेमा लिहावा. नायकाला एखादी खोली द्यावी, वाटल्यास भाडंही थकवू द्यावं, पण गोष्ट तिचीच असावी. काम कुणाला द्यायचं, ते वर सांगितलंच आहे.