तीन मतांचा विजय

१८९२च्या जुलैत लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीत दादाभाई नौरोजी अवघ्या पाच मतांनी निवडून आले. फेरमोजणीत ते मताधिक्यही तीनवर घसरले. चारच वर्षांपूर्वी पंतप्रधान सॉल्झबरी यांनी जाहीर सभेत त्यांना ‘काळा माणूस’ म्हणून हिणवले होते. लंडनमधल्या सामान्य मतदारांनी त्याला मतपेटीतून दिलेले हे उत्तर आजही ऊर भरून आणते. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणाऱ्या मुंबईकराचा हा विजय होता.

ऑगस्टमध्ये सॉल्झबरी पायउतार झाले, ग्लॅडस्टन चौथ्यांदा पंतप्रधान झाले. दादाभाईंचाच लिबरल पक्ष सत्तेवर आला. हिंदुस्थानच्या पदरात काय पडले? सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घ्याव्यात, असा ठराव जून १८९३मध्ये कॉमन्स सभेने ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर केला. सरकारने तो अमलात आणलाच नाही. सभागृहाचा कौल असा गुंडाळून ठेवणे हा उघड अन्याय होता, आणि तो मित्र म्हणवणाऱ्या पक्षाने केला, हे अधिक बोचते. १८९५मध्ये लिबरल हरले. दादाभाईंची जागाही गेली. लंडनमध्ये परीक्षा देण्यासाठी आपल्या मुलांची समुद्रापारची वारी मात्र पुढेही कित्येक वर्षे चालूच राहिली.