हुकलेल्यांचा हिशोब

परवा मॅनेजरने एक एक्सेल शीट पाठवली. गेल्या तीन वर्षांत मी इंटरव्ह्यू पॅनेलवर बसून ज्यांना 'घ्या' म्हटलं त्यांची यादी, आणि पुढे त्यांचं काय झालं ते. चौदापैकी अकरा जण चांगले निघाले. छाती जरा फुगलीच. मग चहा पिता पिता लक्षात आलं, की मी ज्यांना 'नको' म्हटलं त्यांच्यासाठी या शीटमध्ये रकानाच नाहीये!

आणि मला टेड थॉम्पसन आठवला.

हा कोण? सांगतो. मी दीड वर्षं ऑनसाइटला मिलवॉकीला होतो. तिथे अमेरिकन फुटबॉल (म्हणजे ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो तो) हा नुसता खेळ नाही, सोमवारी सकाळी ऑफिसात पहिली चर्चा त्याचीच. ग्रीन बे पॅकर्स हा तिथला जीव की प्राण संघ, आणि थॉम्पसन २००५ ते २०१७ त्याचा जनरल मॅनेजर. २०२१ मध्ये तो वारला, पण 'त्याला माणसं कळायची की नाही' हा वाद काही संपत नाही.

जनरल मॅनेजरचं मोठं काम म्हणजे ड्राफ्ट. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांमधून संघ पाळीपाळीने एकेक उचलतात. आयपीएलसारखी बोली नाही, पाळी आली की नाव घ्यायचं. थोडक्यात आपलं कॅम्पस प्लेसमेंटच, फक्त मागच्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या 'कंपनी'ला सगळ्यात आधी निवडायला मिळतं.

थॉम्पसनचे भक्त एकच नाव घेतात: अ‍ॅरन रॉजर्स. २००५ चा पहिलाच ड्राफ्ट, संघाकडे ब्रेट फार्व्हसारखं दैवत, तरी याने २४व्या पाळीला दुसरा क्वार्टरबॅक उचलला. रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसून राहिला. २००८ मध्ये थॉम्पसनने फार्व्हला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं आणि आदल्या वर्षी १३-३ असलेला संघ ६-१० वर आला. लोक काय काय बोलले असतील याची कल्पना करा. पण फेब्रुवारी २०११ मध्ये पॅकर्सनी स्टीलर्सना ३१-२५ हरवून सुपर बोल जिंकला, आणि सामनावीर रॉजर्स.

विरोधकांकडेही नाव तयार असतं: जस्टिन हॅरेल. २००७, १६वी पाळी. दुखापतींनी त्याला अख्ख्या कारकिर्दीत १४ सामने खेळू दिले.

माझं म्हणणं असं, की हे दोन्ही पुरावे कुचकामी आहेत. एका नावावरून पारख ठरत असती तर डेट्रॉईट लायन्सचा मॅट मिलनही थोर ठरला असता. त्याने २००७ मध्ये कॅल्विन जॉन्सन निवडला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण त्याआधी २००३, २००४, २००५ अशी सलग तीन वर्षं त्याने पहिल्या फेरीत रिसीव्हरच घेतले. २००८ मध्ये त्याला काढलं तेव्हा संघ त्या मोसमातले तिन्ही सामने हरला होता, आणि मोसम संपला ०-१६ वर.

दुसरं म्हणजे नशीब. टॉम ब्रेडी २००० साली १९९वा निवडला गेला. पेट्रियट्सची केवढी नजर, असं लोक म्हणतात. अहो, पण त्यांनी त्याच ड्राफ्टमध्ये ब्रेडीच्या आधी सहा जण घेतले होते! खात्री असती तर कोण इतकं थांबेल? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (तोच, २०१७ चा नोबेलवाला) यांनी ड्राफ्टचा हिशोब मांडलाय. एकाच जागेवर खेळणारे दोघे लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के. म्हणजे छापा-काट्यापेक्षा किंचित बरी.

मग पारख बघायची कशात? मला तीन गोष्टी दिसतात.

एक, रॉजर्स वगळून काय उरतं? चांगल्या क्वार्टरबॅकमुळे रिसीव्हरही चांगले दिसतात, म्हणून ग्रेग जेनिंग्ज (५२वा) आणि जॉर्डी नेल्सन (३६वा) यांना थोडं बाजूला ठेवू. पण निक कॉलिन्स (५१वा) बचावातला होता आणि सुपर बोलमध्ये त्याने पास अडवून थेट टचडाउन केला. ट्रॅमॉन विल्यम्स आणि सॅम शील्ड्स यांना तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. हे रॉजर्सच्या खात्यात टाकता येत नाही.

दोन, चूक कबूल करायला किती वेळ लागतो? २००८ मध्ये त्याने दुसऱ्या फेरीत ब्रायन ब्रोम आणि सातव्या फेरीत मॅट फ्लिन, असे दोन क्वार्टरबॅक घेतले. राखीव जागा पटकावली फ्लिनने, आणि थॉम्पसनने पुढच्याच वर्षी ब्रोमला मुख्य संघातून काढलं. 'मीच निवडलाय, सांभाळा' असं केलं नाही. आपल्याकडे किती मॅनेजर हे करतील?

तीन, हुकलेले. २०१७ मध्ये पॅकर्सची पाळी २९वी होती. थॉम्पसनने ती विकून मागे जायचं ठरवलं. ३०व्या पाळीला स्टीलर्सनी टी. जे. वॉट उचलला, जो विस्कॉन्सिन विद्यापीठाचाच, घरच्या अंगणातला पोरगा! तो देशातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक झाला. त्याच मोसमात पॅकर्सची सलग आठ वर्षांची प्लेऑफची मालिका ७-९ ने तुटली आणि थॉम्पसनची खुर्ची गेली.

तर माझा निकाल: थॉम्पसन चांगला पारखी होता, पण रॉजर्समुळे नाही, कॉलिन्स आणि विल्यम्समुळे. आणि शेवटी शेवटी तो तुमच्या-माझ्यासारखाच साधा अंदाज बांधणारा झाला. कदाचित सगळेच होतात.

असो. आता माझ्या शीटकडे. तीन वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजच्या मुलाला मी 'नको' म्हटलं होतं. इंग्रजी अडखळत होतं आणि डोळ्यांत बघून बोलत नव्हता. मी शेऱ्यात 'कम्युनिकेशन' लिहिलं आणि जेवायला गेलो. तो पुढे एका कंत्राटदाराकडून आमच्याच मजल्यावर आला. रात्री दोनला प्रॉडक्शन बंद पडलं की लोक आज त्यालाच फोन करतात, मीसुद्धा. त्याचा पगार मात्र अजून कंत्राटी आहे. ती माझी २९वी पाळी.

त्याला मी आठवत असेन का, हे विचारायची अजून हिंमत झालेली नाही. शीटमध्ये मात्र मी एक रकाना वाढवला, त्यात पहिलं नाव त्याचं टाकलं आणि मॅनेजरला परत पाठवली. उत्तर आलं, "हे मोजायचं कशाला?"

सोमवारी समोरासमोर सांगेन म्हणतो.